स्टिअरिंग धरण्याआधी शेजारच्या सीटवर बसा

पत्र :

ताई, नमस्कार. मी ३७ वर्षांचा आहे, डोंबिवलीत राहतो. गेली तेरा वर्षं फोर्टमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघतो. पगार ३१ हजार. सकाळी आठची लोकल, दरवाज्यात अर्धं अंग बाहेर. रात्री घरात पाऊल टाकतो तेव्हा साडेनऊ झालेले असतात. रोजचे तीन-साडेतीन तास असे जातात आणि ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या मालाचे कागद. आता जीव गुदमरतो.

माझ्या मावसभावाचे कळंबोलीत तीन ट्रक आहेत. तो म्हणतो, हेवी लायसन्स काढ आणि माझ्या गाडीवर मुंबई–दिल्ली लाइनला लाग. २४ हजार पगार, वर ट्रिपचा भत्ता. वर्षभरात स्वतःची गाडी घे, डाऊन पेमेंटपुरते पैसे तुझ्याकडे आहेत. माझ्याकडे सहा लाख साठलेत हे खरं आहे. गाडी चालवायला मला मनापासून आवडतं. चिपळूणला जाताना कारचं स्टिअरिंग हातात आलं की मी वेगळाच माणूस होतो.

बायको घरी शिकवण्या घेते. तिचा ठाम विरोध आहे. अपघात झाला तर दहा वर्षं आत जाशील, असं म्हणते. मुलगी तिसरीत आहे. मला नुकतीच बॉर्डरवरची शुगर निघाली. मित्र तर हसतातच. मी वेडेपणा करतोय का?

(नाव राखून ठेवलं आहे), डोंबिवली

उत्तर :

नमस्कार.

वेडेपणा नाही. आणि मित्रांच्या हसण्याचं मनावर घेऊ नका. त्यांच्या घरातला गॅस, गहू, टाइल्स आणि फ्रिज कोणीतरी रात्रभर जागून आणलेला आहे.

माझे वडील सव्वीस वर्षं मुंबई–इंदूर लाइनला ड्रायव्हर होते, त्यामुळे या प्रश्नावर मी लांबून बोलू शकत नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. नोकरी आत्ता सोडू नका. सहा लाखांना हात लावू नका. दिल्ली लाइन तर मुलगी एवढी लहान असताना घेऊच नका. पण गाडी चालवायची तुमची ओढ खरी असेल, तर ती तपासून बघायला एक वाट आहे, आणि ती फार खर्चाची नाही. तिच्याकडे येतेच.

आधी एक रात्र सांगते. आम्ही भांडुपला राहायचो. इंदूरहून माल घेऊन येणारी बाबांची गाडी मुलुंड चेक नाक्याला जकातीच्या रांगेत उभी राहायची. घर तिथून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. एकदा कागदात काहीतरी चुकलं होतं आणि गाडी तिथेच अडकली. माल सोडून ड्रायव्हरला हलता येत नाही. आईने डबा भरला, मला सोबत घेतलं आणि आम्ही नाक्यावर गेलो. बाबा केबिनच्या पायरीवर बसून जेवले. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा कितीतरी काळा होता, खिडकीकडचा म्हणून. मग आम्ही दोघी घरी आलो आणि ते तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. आठ दिवसांनी मुंबईत आलेला माणूस घरापासून चार-पाच किलोमीटरवर अडकून पडला होता.

जकात २०१७ च्या १ जुलैला गेली. जीएसटी आला, नाक्यांवरच्या रांगा गेल्या, फास्टॅग आला. थांबणं मात्र गेलं नाही, त्याची जागा बदलली. आता गाड्या भिवंडीच्या गोदामांच्या गेटवर थांबतात, न्हावा शेवाच्या पार्किंगमध्ये थांबतात, दिवसा अवजड वाहनांना बंदी असते म्हणून शहराच्या तोंडाशी थांबतात. गणपतीत गोवा हायवेवर अवजड वाहनं बंद करतात, तेव्हा तिकडच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. तुम्हाला स्टिअरिंग आवडतं असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याबद्दल मला शंका नाही. पण या धंद्यात स्टिअरिंगवरचे तास कमी आणि गेटबाहेरचे जास्त, असे आठवडे वरचेवर येतात. ते तास तुम्हाला कसे जातील? लोकलचे साडेतीन तास सहन होत नाहीत म्हणून तुम्ही निघालात. इथे अठरा तास रांगेत काढावे लागतील, आणि त्या जागी संडास असेलच असं नाही.

दिल्लीचा हिशेब तुम्ही कागदावर केला आहे का? मी करून बघितला. मुंबई ते दिल्ली अंदाजे १४०० किलोमीटर. भरलेल्या गाडीची सरासरी ताशी ४० धरा, घोडबंदर ते मनोरपर्यंतच्या कोंडीत तेवढीही मिळत नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाचे आठ तास ठरवले आणि लांब पल्ल्याला जास्तीत जास्त दहा. दहा तास म्हणजे ४०० किलोमीटर. म्हणजे नियमाने चालवलं तर जायला साडेतीन दिवस. भराईचा एक दिवस, तिकडे उतराई आणि परतीच्या भाड्याची वाट बघण्यात एक-दोन दिवस, येताना पुन्हा साडेतीन, मग इथली उतराई. दहा-अकरा दिवसांची एक फेरी झाली. महिन्यात तीन फेऱ्याही नीट बसत नाहीत, आणि घरी झोपायला मिळणाऱ्या रात्री बोटांवर मोजण्याइतक्या.

प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्ही ऑफिसात बसून बघतच असाल. ई-वे बिलाला, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाला, २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे कायदा दिल्लीसाठी सात दिवस देतो. शेठ तीन मागतो. मधला फरक ड्रायव्हरच्या झोपेतून भरून निघतो.

झोपेबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण बाबांच्या बरोबरीचे जे दोन ड्रायव्हर गेले, ते पहाटेच गेले. रात्री दोन ते पाच या वेळात शरीर आपोआप मंदावतं, मग तुम्ही कितीही चहा प्या. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर पन्नास मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. जागं राहायला लाइनवर तंबाखू मिळते, गोळ्या मिळतात, अफूही मिळते, आणि ते देणारा माणूस तुमचा मित्र असतो. बाबांनी तंबाखू तिथेच धरली, ती शेवटपर्यंत सुटली नाही. घरी आले की ते भर दुपारी झोपायचे, आणि रात्री गॅलरीत उभे असायचे. आम्ही भावंडं सुट्टीच्या दिवशीही घरात कुजबुजत बोलायचो.

घाटाचंही सांगते, कारण चिपळूणला जाताना तुम्ही कशेडी घाट कारने उतरला असाल आणि तो सोपा वाटला असेल. भरलेली गाडी घाटात उतरवणं ही वेगळी विद्या आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून सोडली की सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. कसाऱ्यात आणि खंडाळ्यात असे अपघात पिढ्यान्‌पिढ्या होत आलेत. ही विद्या पंधरा दिवसांच्या क्लासमध्ये येत नाही. जुन्या माणसाच्या शेजारी बसूनच ती येते.

तुमच्या शुगरला मी किरकोळ म्हणणार नाही. बॉर्डरवर असलेल्या माणसाला वेळेवर जेवण, रात्रीची झोप आणि चालणं या तीन गोष्टी लागतात, आणि लाइनवर नेमक्या याच मिळत नाहीत. ढाब्यावरची तेलकट डाळ, रात्री अकराला जेवण, दिवसभर बैठक, लघवी लागू नये म्हणून पाणी कमी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी शुगरची तपासणी असते, ती आत्ता करून घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा की असं काम मला झेपेल का. त्यांनी नाही म्हटलं तर या उत्तराचा पुढचा भाग वाचायची गरज नाही.

आता तुमच्या बायकोचा प्रश्न. तो भीतीपोटी विचारला असला तरी अगदी योग्य आहे, आणि तुम्ही तो उडवून लावू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये दोन भाग आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा, हा पहिला भाग. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून गेलं तर दहा वर्षांपर्यंत, हा दुसरा. याच दुसऱ्या भागावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला होता. मुंबईत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवत असेल. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा तो भाग बाजूला ठेवला गेला. मोटार वाहन कायदा तर आधीपासूनच सांगतो की जखमीला मदत मिळवून देणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य आहे, आणि जमावाच्या रागामुळे थांबणं शक्य नसेल तर तेवढ्यापुरती सूट आहे. बाबा सांगायचे, अशा वेळी सरळ जवळच्या पोलीस चौकीत गाडी न्यायची आणि स्वतःहून सांगायचं. पण कलमाने बायकोची भीती जाणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तिची भीती तुरुंगाची कमी आणि रात्री तीनला वाजणाऱ्या फोनची जास्त असावी. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्यांकडे यायचा. त्यांच्या दाराचा आवाज झाला की आईचा चेहरा कसा व्हायचा, ते मी अजून विसरलेले नाही.

पैशांकडे वळू. २४ हजार आणि भत्ता, म्हणजे ३१ पेक्षा जास्त, असं तुम्ही धरलेलं दिसतं. भत्ता हा पगार नव्हे. महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर जेवण, चहा, अंघोळ, मोबाइल आणि वाटेतली बारीकसारीक देणी यात तो संपतो, घरी येतो तो पगारच. तेरा वर्षांचा तुमचा पीएफ चालू असेल तर तोही थांबेल.

आणि स्वतःची गाडी? वर्षभरात अजिबात नको. मोठी गाडी भरल्यावर लिटरला चार किलोमीटर देते असं धरा. दिल्लीला एका बाजूने साडेतीनशे लिटर लागतात. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरलं तर एकतीस-बत्तीस हजार रुपये नुसते जाळायला. वर टोल, टायर, इन्शुरन्स, वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो, बाकीचा पोच जमा केल्यावर, आणि तो महिना-दीड महिना लटकतो. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातो. दोन महिने माल मंदावला, किंवा एकदा इंजिन उघडावं लागलं, की मालक हप्ता भरण्यासाठी जास्तीचा माल लादू लागतो. ओव्हरलोडचा दंड २०१९ पासून २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. सहा लाख या खड्ड्यात गेले तर ते तुमच्या मुलीच्या शिक्षणाचे आणि तुमच्या आजारपणाचे पैसे आहेत. मावसभाऊ वाईट हेतूने बोलतोय असं मी म्हणत नाही. पण ज्याला ड्रायव्हर मिळत नाहीयेत, त्याचा सल्ला घेताना तो का बोलतोय हे लक्षात ठेवावं.

आता ती वाट. ऑफिसातून दहा-बारा दिवसांची रजा काढा. आतापर्यंत साठली असेल. मावसभावाच्या गाडीत, त्याच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून एक पूर्ण फेरी करा. दिल्लीला जाऊन परत. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. केबिनमध्ये झोपायचं, गेटवर थांबायचं, दोरखंड आणि ताडपत्री बांधायला हात लावायचा, उतराईच्या वेळी हमालांशी आणि गोदामवाल्याशी जे बोलणं होतं ते ऐकायचं. पहिल्या दोन दिवसांत तुम्हाला मजा वाटेल. सहाव्या दिवशी काय वाटतं, ते महत्त्वाचं.

त्यातून इच्छा टिकली, तर दुसरी पायरी. यासाठी नवीन लायसन्सही लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं की कारचं लायसन्स असलेला माणूस एकूण वजन ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो. म्हणजे ४०७ सारखा टेम्पो तुम्ही आजच चालवू शकता. दोन-तीन महिने शनिवारी रात्री भिवंडी–नाशिक किंवा भिवंडी–पुणे फेरी करा, कोणाची तरी गाडी मिळेल. सोमवारी ऑफिसात तुमची अवस्था काय होते ते बायकोला बघू दे.

तिसरी पायरी हेवी लायसन्स. हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्षाचं हवं, ते तुमच्याकडे असणारच. डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, ड्रायव्हिंग स्कूलचं लागतं, लर्निंग मिळाल्यावर महिन्यानंतर परीक्षा देता येते, आणि ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांसाठी असतं. एजंटला पैसे देऊन परीक्षेतून सुटू नका, एवढी एक विनंती. शिकायचं तर अवजड गाडीवर नीट तास मिळतील अशा ठिकाणीच शिका. पुण्याजवळ भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा.

एवढं करूनही मन तेच म्हणत असेल, तर जा. पण छोटी लाइन मागा. सुरत, नाशिक, कोल्हापूर. आठवड्यातून तीन-चार रात्री घरी मिळतील अशी. मावसभावाशी नातं आहे म्हणून काही विचारायला लाजू नका. गाडीवर दुसरा ड्रायव्हर किंवा निदान क्लीनर असेल का? गाडी खोटी झाली, म्हणजे कुठे अडकून पडली, तर त्या दिवसांचे पैसे कोण देणार? डिझेलचा अॅव्हरेज कमी बसला किंवा माल कमी भरला तर पगारातून कापणार का? चलन कोणाच्या नावावर? पॉलिसीत पेड ड्रायव्हरचा प्रीमियम भरलाय का? केबिनला एसी आहे का? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना तो सक्तीचा झालाय, त्याच्या गाड्या त्याआधीच्या असतील तर नसण्याची शक्यता जास्त. ही उत्तरं एका कागदावर लिहून घ्या, दोघांच्या सह्यांनिशी. भाऊबंदकीत तोंडी बोलण्याचं काय होतं, ते कोकणातल्या माणसाला मी काय सांगू.

आणखी एक सुचवते, त्याचा राग मानू नका. तुमच्या पत्राची सुरुवातच लोकल आणि ऑफिस यांनी होते, गाडी चालवण्याच्या आवडीबद्दल दोनच ओळी आहेत. तेरा वर्षं तुम्ही बिलं, शिपिंगचे कागद, कस्टमची भाषा हाताळलीय. कळंबोलीत, तळोज्यात, न्हावा शेव्यात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांना असा माणूस लागतो, ज्याला कागदही कळतो आणि गाडीही. डोंबिवलीहून तिकडे जाणं फोर्टच्या लोकलपेक्षा सुसह्य आहे. टेम्पोच्या फेऱ्या करत असतानाच तिथे दोन-चार ठिकाणी भेटून या. तेरा वर्षांनंतर माणसाला जागा बदलावीशी वाटणं साहजिक आहे. मात्र दरवाज्यात लटकणं थांबवायला चौदाशे किलोमीटर लांब जायलाच हवं का, हे जरा शांतपणे बघा.

बाबा आता घरीच असतात. मध्यंतरी मी त्यांना विचारलं, पुन्हा संधी मिळाली तर काय कराल. म्हणाले, गाडीच चालवेन, पण तुमच्या शाळेच्या वर्षांत नाही. माझ्या तिसरीच्या वर्गशिक्षिकेचं नाव त्यांना माहीत नव्हतं, आणि ते त्यांच्या मनाला अजून लागतं.

फेरी करून आलात की मला लिहा. जाताना बायकोला एक वही देऊन जा. तुम्ही नसलेल्या त्या दिवसांत घरी काय काय झालं, मुलगी काय म्हणाली, कोण आजारी पडलं, नळ कोणी दुरुस्त केला, ते तिने रोज चार ओळींत लिहून ठेवावं. आल्यावर तुम्ही दोघांनी ती वही सोबत वाचा, आणि पुढच्या पत्राला ती पानं जोडून पाठवा.